खाल्लेलं झाड मेलेलं नसतं

प्रमिलाताई भोयर फारशा कुणाला आवडत नसत, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. विंडसरच्या मराठी मंडळात त्यांचं नाव निघालं की आधी एक सुस्कारा यायचा, मग कुणीतरी म्हणायचं, "बाई चांगल्या आहेत हो, पण..." त्या 'पण'साठी मी हे लिहिते आहे. चांगल्या बाया मंडळात रग्गड आहेत. 'पण'वाली एकच होती.

मूळच्या नागपूरच्या. कॅनडात निम्मं आयुष्य गेलं तरी जीभ तिकडचीच राहिली. गाड्यांच्या सीटचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्या तपासणीवर होत्या. पट्ट्यावरून माल पुढं सरकायचा आणि यांनी एका नजरेत ठरवायचं, ठेवायचा की फेकायचा. तिथून रिटायर झाल्या, पण तपासणी थांबली नाही. इंडियन ग्रोसरीत दुकानदाराच्या तोंडासमोर आंबा दाबून बघायच्या आणि म्हणायच्या, "रिजेक्ट." मंडळाच्या नाटकाचा पहिला अंक पडला की दिवे लागायच्या आत, "रिजेक्ट." लेकीनं व्हिडिओ कॉलवर दाखवलेला जावई त्यांनी पास केला होता, पण पुढं 'सध्या' हा शब्द जोडूनच.

त्यांच्या टाउनहाउसचं बेसमेंट भाड्यानं आहे असं कळलं म्हणून मी एप्रिलमध्ये बघायला गेले. घराला बेल वाजवली, उत्तर नाही. मागं गेले तर दहा-बारा घरांच्या सामायिक अंगणात एक भला थोरला ओक, आणि त्याच्या बुंध्याला स्वेटर, त्यावर रेनकोट आणि डोक्याला स्कार्फ अशा थाटातली बाई चिकटलेली. हातात प्लास्टिकची पट्टी, पायाशी साबणाच्या पाण्याची बादली.

"काकू, मी बेसमेंटसाठी..."

"काकू तुझ्या गावी. ताई म्हण. हात रिकामे हायेत ना?" असं म्हणून त्यांनी दुसरी पट्टी माझ्या हातात दिली. "घर कुठं पळून नाही चाललं. हे मात्र पळून जाईन."

'हे' म्हणजे सालीवर चिकटलेले बदामी रंगाचे, मऊ, स्पंजाच्या तुकड्यासारखे डाग. नखाएवढे, अंगठ्याएवढे. एकेका डागात शेकडो अंडी. स्पॉन्जी मॉथ हे नाव त्यावरूनच पडलं. युरोपातला पतंग. फार पूर्वी कुणा हौशी माणसानं रेशीम काढायचं म्हणून समुद्रापलीकडून अमेरिकेत आणला. रेशीम निघालं नाही, पतंग निघून गेला, आणि पसरत पसरत सीमा ओलांडून इकडं आला. हे सगळं प्रमिलाताईंनी मला अंडी खरवडता खरवडता सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "एका माणसाचा साइड बिझनेस. अन् भोगते कोण? झाड."

मला पत्रकं लिहायची सवय आहे. विद्यार्थ्यांची भाडी, कॉलेजांची फसवणूक, कामाचे न मिळालेले तास, अशा गोष्टींवर मी कागद छापते आणि लोकांच्या हातात कोंबते. त्यामुळं चीड आलेला माणूस मला लांबून ओळखू येतो. या बाईला चीड आली होती. मी बेसमेंट न बघताच घेतलं.

मे महिन्यात अंडी फुटली. खरवडून खरवडून किती खरवडणार? वरच्या फांद्यांना हात कुठं पोचतो? केसाएवढ्या काळ्या अळ्या एकेका रेशमी धाग्याला लोंबकळायच्या आणि वाऱ्यासोबत या झाडावरून त्या झाडावर जायच्या. कपडे वाळत घातले की त्यावर, कॉफीच्या कपात, लोकांच्या केसांत. प्रमिलाताई खिडकीतून बघत म्हणाल्या, "तिकीट नाही, व्हिसा नाही, बॅग नाही. पाह्य कशा चालल्या." मग स्वतःशीच हसल्या. त्यांना त्या अळीचा रागच होता असं मला कधी नीट म्हणता आलं नाही. कारखान्यात नासका माल पाठवणाऱ्या पण कामात पक्क्या अशा सप्लायरबद्दल बोलावं तसं त्या तिच्याबद्दल बोलायच्या.

आमच्या कॉम्प्लेक्सच्या बोर्डाचा अध्यक्ष ग्रेग नावाचा गृहस्थ होता. लालसर चेहऱ्याचा, वागायला गोड. त्या गोड वागण्याचाच मला जास्त संताप यायचा. अंगणात त्यानं एक छोटी सभा बोलावली. झाड म्हातारं झालंय, पालवी खाल्ली जातेय, फांदी कुणाच्या डोक्यावर पडली तर इन्शुरन्स कोण भरणार, त्यापेक्षा काढून टाकू आणि तिथं पाहुण्यांसाठी पार्किंग करू. बोलता बोलता म्हणाला, "काय करणार, या गोष्टी बाहेरून येतात आणि सगळं खाऊन टाकतात."

कुणाला उद्देशून नव्हतं ते. असं कधीच कुणाला उद्देशून नसतं. आम्ही तीन-चार देशी चेहरे जमिनीकडं बघायला लागलो.

प्रमिलाताई मात्र खुर्चीतून उठल्या. "ग्रेग, धिस मॉथ, फ्रॉम युरोप."

"या, आय नो."

"युवर ग्रँडफादर फ्रॉम व्हेअर?"

"स्कॉटलंड."

"सो सेम साइड," म्हणाल्या आणि खाली बसल्या.

लोक हसले. ग्रेगही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. घरी आल्यावर मी टाळ्या वाजवल्या तर त्या माझ्यावरच उखडल्या. "टाळ्या काहून वाजवते? त्यानं झाडाचं काय म्हटलं ते ऐकलं नाहीस. मी बोलले, लोक हसले, झाड तसंच राहिलं. रिजेक्ट मीटिंग." मग पोळ्या लाटायला घेतल्या आणि लाटता लाटता अळ्यांचं वेळापत्रक मला समजावून सांगितलं. लहान असताना दिवसाही वरच असतात. मोठ्या झाल्या, पाठीवर निळे आणि लाल ठिपके आले, की रात्री वर जाऊन खातात आणि उजाडलं की ऊन आणि पाखरं चुकवायला खाली उतरून सालीच्या भेगांत लपतात. "म्हणजे त्यांची शिफ्ट संपली की त्या खाली येतेत. आपण गेटावर उभं राहायचं."

ते गेट म्हणजे गोणपाट. दुकानात बागकामाचं गोणपाट मिळतं, पण प्रमिलाताईंकडं बासमतीच्या रिकाम्या पोत्यांची थप्पी होती. एकटीला एवढा भात कसा लागतो हे विचारायची माझी हिंमत नव्हती. ती पोती उसवून बुंध्याला गुंडाळली, मधोमध लाल नायलॉनच्या दोरीनं बांधली आणि वरचा अर्धा भाग खाली दुमडला, फ्रॉकच्या झालरीसारखा. अळी खाली उतरते, झालरीच्या सावलीत घुसते, तिथंच झोपते. दुपारी झालर उचलायची आणि सगळ्यांना झाडून साबणाच्या पाण्यात. अळीच्या केसांनी अंगावर गांधी उठतात, म्हणून हातमोजे. प्रमिलाताईंच्या मनगटांवर तरी गांधी होत्याच. ओकच्या पोटावर आता लाल अक्षरांत तांदळाची जाहिरात झळकत होती, राजवाड्याच्या चित्रासकट.

जूनमध्ये झाडाखाली उभं राहिलं की बारीक टप टप ऐकू यायचं. वर पाहिलं तर आभाळ निळंशार. ती अळ्यांची विष्ठा. हजारो तोंडं चावत होती आणि खाली खसखशीसारखा काळा चुरा पडत होता.

आणि अशात वडपौर्णिमा आली.

विंडसरमध्ये वड नाही, असणार कुठून? दरवर्षी कुणी कुंडीतलं रोप आणायचं, कुणी चित्र छापायचं. त्या वर्षी आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये राहणाऱ्या अनघाताईंनी खिडकीतून पाहिलं, की मोठ्या झाडाला काहीतरी गुंडाळलंय, लाल दोरी बांधलीय आणि भोयरबाई रोज दुपारी त्याच्याभोवती फिरताहेत. अनघाताई पुण्याच्या, सॉफ्टवेअरमधल्या, मंडळाच्या सेक्रेटरी. त्यांनी ग्रुपवर मेसेज टाकला: 'वडाची सोय झाली आहे, प्रमिलाताईंचे आभार.' आणि शनिवारी सकाळी सात-आठ जणी पैठण्या नेसून, ताटं घेऊन, सुताची गुंडी हातात धरून अंगणात हजर.

प्रमिलाताई ट्रॅक पँटमध्ये, हातात बादली. त्यांनी या लवाजम्याकडं पाहिलं.

"काय वं, कोणाचं लग्न?"

"अहो ताई, तुम्हीच तर... म्हणजे तुम्ही सुरू केलंत ना?" अनघाताई गोंधळल्या. मग आवाज खाली आणून, अगदी मायेनं, "खरं तर मला आश्चर्यच वाटलं. म्हणजे तुमचे मिस्टर..."

"मिस्टर मिसिसागात हायेत. धडधाकट. मीच रिजेक्ट केले."

एकीला हसू फुटलं, ते तिनं पदरात दाबलं. प्रमिलाताईंबद्दल मंडळात नवऱ्यानं सोडलेली असं बोललं जायचं, आणि त्या दरवेळी दुरुस्त करायच्या, "सोडलेली नाही, सोडून आलेली." मिसिसागा शहर सोडून लेकीला घेऊन त्या इथं आल्या तेव्हा घर दाखवणाऱ्या बाईपासून शाळेतल्या क्लार्कपर्यंत सगळ्यांनी विचारलं होतं, नवरा कुठंय. "यानं विचारलं नाही," त्या ओककडं हनुवटी करून सांगायच्या. यापलीकडं त्या झाडाबद्दल हळवं असं काही मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

"सूत गुंडाळायचं तर गुंडाळा बापा," त्या बायकांना म्हणाल्या. "पण आधी आत कोण बसलंय ते पाहून घ्या." आणि त्यांनी झालर वर उचलली.

आत एकावर एक, बोटाएवढ्या, केसाळ, ठिपकेदार अळ्या. सगळा बुंधा हलत होता. एकच किंकाळी फुटली. ताट पडलं, फणस घरंगळत ग्रेगच्या दारापर्यंत गेला, पैठण्या गुडघ्यापर्यंत वर. प्रमिलाताई मागून ओरडल्या, "अगं, सावित्रीनं यमाचा पिच्छा पुरवला. तुम्ही अळीले पाहून पळता?"

अनघाताई थांबल्या. फक्त त्या. रागानं लाल झाल्या होत्या. मागं वळून आल्या, पदर कमरेला खोचला आणि हात पुढं केला. "द्या ते मोजे." दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत त्या पैठणीतच अळ्या झाडत होत्या. नंतर त्यांनी सूतही गुंडाळलं, गोणपाटाच्या वरून, सावकाश. प्रमिलाताईंनी दोरा कुठं झालरीला अडतो का एवढं पाहिलं.

पण अळ्या जिंकल्या. जूनच्या शेवटाला तो ओक डिसेंबरसारखा उघडा दिसत होता. एक पान नाही. सगळ्या अंगणात ऊन रखरखत होतं. बोर्डानं सगळ्यांच्या दारात कागद टाकला, की झाड मेलेलं आहे, पुढच्या आठवड्यात कापणार. खाली आणखी एक ओळ: बुंध्यावरची व्यावसायिक जाहिरात ताबडतोब काढावी.

"मेलेलं?" प्रमिलाताई म्हणाल्या. "हे पोट्टे कधी उपाशी राहिले नाहीत म्हणून यायले समजत नाही. ओक जुलैत पुन्हा पानं काढते. ताकद असली तर काढतेच. दोन-तीन आठवडे थांबा म्हणावं."

मी पत्रक लिहायला बसले. पर्यावरण, भांडवल, पार्किंगची संस्कृती, सगळं घातलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि परत दिलं. "हे झाडाबद्दल नाही. रिजेक्ट." मग पेन घेऊन कागदाच्या पाठीवर एकच वाक्य लिहिलं: खाल्लेलं झाड मेलेलं नसतं. मी त्याचं इंग्रजी केलं आणि घरोघर टाकलं. मी केलेल्या पत्रकांपैकी लोकांनी दारावर चिकटवून ठेवलेलं ते एकमेव.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ग्रेग आमच्या दारात आला. अनघाताईही आत चहा पीत बसल्या होत्या. ग्रेग दारातच चुळबुळला. म्हणाला, त्या दिवशी बायका सुंदर कपडे घालून झाडापाशी जमल्या होत्या, ते त्यानं पाहिलं होतं. फळही त्याच्या दारात आलं होतं. त्यानं वकिलाला विचारलं होतं. "लुक, प्रमिला. इज इट अ रिलिजस थिंग? जस्ट टेल मी. इफ इट इज, वी वोन्ट टच इट."

मला वाटलं, सुटलो! अनघाताईंनी कप खाली ठेवला आणि डोळ्यांनीच म्हणाल्या, हो म्हणा. एक शब्द. बोर्डाचा अध्यक्ष आपल्या पायानं दारात येऊन झाडाचा जीव ओंजळीत देत होता.

प्रमिलाताईंनी काहीतरी खुळचट विचारणाऱ्या पोराकडं बघावं तसं त्याच्याकडं पाहिलं. "नो," म्हणाल्या. "इट इज अ ट्री."

"आर यू शुअर?"

"ग्रेग. ट्री. अलाइव्ह ट्री. यू वेट थ्री वीक, यू सी लीफ."

तो खांदे उडवून गेला. दार लागताच मी फुटले. काय वाटेल ते बोलले. लढाईत हत्यार मिळालं तर वापरायचं असतं, एक शब्द इतका जड झाला का, उद्या आरा फिरेल तेव्हा तुमचं खरेपण त्याच्या बुंध्याला बांधा, असं सगळं. अनघाताई हळू म्हणाल्या, "ताई, आमच्यासाठी ते थोडंफार खरंही होतं हो. मी सूत गुंडाळलंय त्याला."

"तुझ्यासाठी खरं असन तर तू सांग त्याले. मी अडवलं नाही," प्रमिलाताई म्हणाल्या. "माह्यासाठी खोटं हाये." मग माझ्याकडं वळल्या. "अन् तू. आज देव म्हणून याले वाचवशील. कोपऱ्यातल्या मेपलले कोणता देव करशील? तिकडं नदीकाठी एवढे ओक उघडे पडले, त्यायले सूत गुंडाळत फिरशील? ग्रेगनं मान डोलावली असती, की या लोकांचं काहीतरी असते, जाऊ द्या. मले मान डोलावलेली नको. मी बोलते ते खरं हाये म्हणून त्यानं ऐकलं पाहिजे."

मला ते तेव्हा पटलं नाही. आजही सगळं पटतं असं नाही. पण माझ्या चळवळीतल्या किती जणांनी हातात आलेला विजय असा दारातून परत पाठवला असता, हे मी मोजून पाहते तेव्हा बोटं दुमडायची वेळ येत नाही.

कापायची गाडी सकाळी आली. माणसाला उंच उचलणाऱ्या पाळण्याचा बकेट ट्रक, फांद्यांचा भुसा करणारं यंत्र, तीन माणसं. मुकादम सामी नावाचा, लेबनॉनी, विंडसरमध्येच वाढलेला. प्रमिलाताई कॅम्पिंगची खुर्ची टाकून बुंध्याला पाठ लावून बसल्या होत्या. ग्रेग आला, गोड बोलला, मग कमी गोड बोलला, मग पोलिसांना फोन करावा लागेल असं म्हणाला. दारादारांतून लोक बघत होते. काही जण फोनवर शूट करत होते, कुणी जवळ येत नव्हतं. मी पत्रकं हातात घेऊन उभी होते आणि ती कुणाला द्यायची ते कळत नव्हतं.

प्रमिलाताईंनी ग्रेगकडं बघितलंच नाही. सामीला म्हणाल्या, "तुझ्या कागदावर काय लिहिलंय?" हे इंग्रजीत, त्यांच्या इंग्रजीत.

सामीनं क्लिपबोर्ड पाहिला. "डेड ट्री, मॅम. रिमूव्हल."

"गो अप. टॉप. ब्रेक वन स्मॉल ब्रँच, स्क्रॅच. नो ग्रीन, आय टेक माय चेअर. यस ग्रीन, यू टेक युवर ट्रक."

सामीनं ग्रेगकडं पाहिलं, झाडाकडं पाहिलं. मेलेलं झाड कापायची ऑर्डर घेऊन जिवंत झाड पाडलं तर त्याच्याही मागं कटकट लागली असती. तो बकेटमध्ये चढला.

बकेट वर जात होती आणि मी खाली प्रमिलाताईंकडं बघत होते. त्यांचा चेहरा रोजचाच, आंबा दाबतानाचा. पण खुर्चीचा दांडा धरलेली बोटं पांढरी पडली होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की यांनाही माहीत नाही. झाडात ताकद उरली आहे की नाही हे वर जाऊन कुणीच पाहिलेलं नव्हतं. बाईनं न बघितलेल्या मालावर सही केली होती.

सामी खाली आला तेव्हा हातात एक डहाळी होती. त्यानं अंगठ्याच्या नखानं साल खरवडली. आत ओलं, पोपटी हिरवं. आणि टोकाला, गव्हाच्या दाण्याएवढ्या, तांबूस कळ्या.

"दॅट्स नॉट डेड," तो ग्रेगला म्हणाला. "आय कान्ट कट दॅट."

अनघाताईंच्या दारातून टाळ्या सुरू झाल्या. मग समोरच्या घरातून. प्रमिलाताई खुर्चीत बसूनच म्हणाल्या, "सामी, कॉफी?" आणि तिन्ही माणसांना घरात घेऊन गेल्या. ग्रेगलाही हाक मारली. तो आला नाही.

जुलैच्या अखेरीस झाडावर नवी पालवी होती, पहिलीपेक्षा लहान, फिकी, पण होती. बुंध्यावर आता मेलेल्या अळ्या लोंबत होत्या, काही उलट्या व्हीच्या आकारात वाकलेल्या. "त्यायच्यात रोग घुसला," ताई म्हणाल्या. "फार झाल्या की असं होते." वाचलेल्यांचे कोष झाले आणि कोषांतून पतंग निघाले. नर तपकिरी, भर दिवसा वेड्यासारखे वाकडेतिकडे उडणारे. मादी पांढरी, जाड, काळ्या नागमोडी रेघांची, बुंध्याला चिकटून बसलेली. तिला पंख असतात, मोठे. ती उडत नाही. खातही नाही, खायला तोंडच उरलेलं नसतं. एका जागी बसून वासानं नराला बोलावते, अंडी घालते, स्वतःच्या अंगावरची लव उपसून त्यांच्यावर पांघरते आणि मरते.

प्रमिलाताई एका मादीसमोर बराच वेळ उभ्या होत्या. हातात पट्टी होती, पण हलली नाही.

"पंख हायेत अन् उडत नाही," त्या म्हणाल्या. "अशा बाया मी नागपुरात रग्गड पाहिल्या. मिसिसागातही." थोड्या वेळानं म्हणाल्या, "एक तर आरशात."

मी काही बोलायच्या आत त्यांनी मादीला पट्टीनं उचललं आणि बादलीत टाकलं.

बोर्डानं विषय सोडला नाही. वसंतातल्या वार्षिक सभेत झाड ठेवायचं की नाही यावर मतदान घ्यायचं ठरलं. हिवाळाभर प्रमिलाताई घरोघर गेल्या. दारातला बर्फ शोव्हल करणाऱ्या माणसासमोर उभ्या राहून बोलायच्या, त्याला थांबू न देता. अनघाताईंनी मंडळाच्या हळदीकुंकवात तिळगुळासोबत अंडी खरवडायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या वाण म्हणून वाटल्या. कुणी नाक मुरडलं, बऱ्याच जणींनी वापरल्या. सभेत ग्रेगनं पुन्हा पार्किंगचा नकाशा दाखवला. प्रमिलाताईंनी भाषण केलं नाही, फक्त विचारलं, "एनीबडी सॉ डेड ट्री?" मतदान झालं. झाड राहिलं. फार मोठ्या फरकानं नाही, पण राहिलं. ग्रेगनं सगळ्यांसमोर त्यांच्याशी हात मिळवला आणि म्हणाला, "यू वेअर राइट अबाउट द लीव्ह्ज." त्यांनी उत्तर दिलं, "आय नो."

एप्रिलच्या शेवटी मला दुसऱ्या प्रांतात, ब्रॉसार्ड गावी नोकरी लागली. सामान दोन बॅगांचं. गाडी बोलावली आणि निरोप घ्यायला वर गेले तर घर उघडं, ताई नाहीत. बाहेरून आवाज मात्र येत होता.

ग्रेगच्या दारासमोर त्याचा कॅम्पिंगचा ट्रेलर ट्रकला जोडून तयार होता. सुट्टीला उत्तरेकडं निघाला होता, तळ्याकाठच्या जंगलात. बायको पुढं बसलेली, कुत्रं मागं, इंजिन चालू. आणि ट्रेलरच्या खालून दोन पाय बाहेर आले होते, लोकरी मोजे आणि सँडल घातलेले. प्रमिलाताई पाठीवर झोपून आत सरकल्या होत्या.

"ऑल एग्ज! हिअर, हिअर, ऑल्सो हिअर!" खालून आवाज. "यू टेक देम टू द फॉरेस्ट? व्हॉट द फॉरेस्ट डिड टू यू?"

ग्रेग गुडघ्यांवर बसून टॉर्च धरून होता. तोंडावर घाम.

"ताई, मी निघाले," मी वाकून म्हटलं.

"निघ. तिकडं घर घेण्याआधी झाडं पाह्य," ट्रेलरखालून उत्तर आलं. "ग्रेग! लाइट! नॉट माय फेस, लाइट ऑन द एग!"

त्या बाहेर आल्या नाहीत. मीही थांबले नाही. ग्रेगनं हताशपणे माझ्याकडं वर पाहिलं. "शी वोन्ट लेट मी लीव्ह."

"नो," मी म्हटलं, "शी वोन्ट." आणि बॅगा गाडीत टाकल्या.